बिल टाक्यांचं नसतं, दिवसांचं असतं

गेल्या वर्षी काकांच्या फुप्फुसाचा एक भाग काढावा लागला. ऑपरेशन एकदम व्यवस्थित झालं. डॉक्टर म्हणाले होते, सहाव्या दिवशी घरी. पण फुप्फुसाच्या कापलेल्या कडेतून हवा गळत राहिली, छातीतली नळी काही निघेना, आणि आम्ही घरी आलो चौदाव्या दिवशी. बिल बघून मी गप्पच झालो. ऑपरेशनचा आकडा आधी सांगितल्याप्रमाणेच होता. फुगला होता तो जादा आठ दिवसांचा हिशोब: खोली, एक्स-रे, इंजेक्शनं, पुन्हा एक्स-रे. विम्याची मर्यादा संपली आणि उरलेल्या पैशांसाठी काकूंनी एफडी मोडली.

म्हटलं, जरा इतिहास चाळू. आणि थेट पोचलो १९३३ सालात.

५ एप्रिल १९३३. अमेरिकेत सेंट लुईसच्या बार्न्स हॉस्पिटलमध्ये डॉ. इव्हार्ट्स ग्रॅहम कॅन्सरसाठी फुप्फुसाचा एक भाग काढायला गेले. छाती उघडल्यावर कळलं की भागावर भागणार नाही, म्हणून अख्खं डावं फुप्फुस एकाच बैठकीत काढलं. पेशंट जेम्स गिलमोर स्वतः डॉक्टरच. पण आता छातीत जी पोकळी उरली, तिचं काय? तिथे पू साठला की माणूस गेला, हे ग्रॅहमना पक्कं माहीत होतं. पहिल्या महायुद्धात छातीत पू होऊन सैनिक दगावत होते, तेव्हा १९१८ साली अमेरिकन लष्कराने नेमलेल्या समितीत त्यांनी नेमकं हेच काम केलं होतं. म्हणून त्यांनी सात बरगड्याही काढल्या, छातीची भिंत आत बसून पोकळी भरावी म्हणून. तरी व्हायचं ते झालंच. पू झाला, आणखी बरगड्या काढाव्या लागल्या. पेनिसिलिन बाजारात यायला अजून दहाएक वर्षं होती. गिलमोर सुमारे अडीच महिने हॉस्पिटलात होते. नंतर मात्र ते जवळजवळ तीस वर्षं जगले!

म्हणजे बघा, कापाकापी एका दिवसाची, निस्तरणं अडीच महिन्यांचं. आज दिवस कमी झालेत, पण गणित तेच आहे. हवेची गळती, न्यूमोनिया, हृदयाचे अनियमित ठोके ही या ऑपरेशननंतरची नेहमीची दुखणी. प्रत्येक दुखणं म्हणजे जास्तीचे दिवस, आणि दिवस म्हणजे पैसे.

हे पैसे कोणी भरायचे? यावर डोकं लावलं ते येल विद्यापीठात, आणि त्यात रॉबर्ट फेटर हे चक्क आपल्या जातकुळीतले, ऑपरेशन्स रिसर्चवाले! त्यांनी आणि जॉन थॉम्पसन यांनी कारखान्यातल्या मालासारखे पेशंटचे गट पाडले. १९८३ साली अमेरिकेच्या मेडिकेअरने त्यावरून गटागणिक ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. दिवस वाढले तर बहुतेक वेळा तोटा हॉस्पिटलचा. पण मग अवघड पेशंट घेणार कोण? म्हणून २००७ मध्ये गटांची नवी मांडणी आली. त्यात छातीच्या मोठ्या ऑपरेशनचे तीन भाव झाले: गंभीर गुंतागुंत किंवा जोडीचा गंभीर आजार असेल तर सगळ्यात जास्त, साधी असेल तर मधला, काहीच नसेल तर कमी. पुढच्या वर्षी उलट बाजूही आली. पोटात विसरलेलं उपकरण किंवा हॉस्पिटलात झालेल्या खोल शय्याव्रणांसारख्या काही गोष्टींचे जादा पैसे बंद.

ही पद्धत निर्दोष आहे असं नाही. पण गुंतागुंतीचा भार कोणी उचलायचा हे तिथे निदान आधी ठरवलं गेलं. आमच्याकडे कोणीच ठरवलं नव्हतं, म्हणून तो काकूंच्या एफडीवर पडला. आम्हाला मिळालेलं एस्टिमेट फक्त ‘हॅपी पाथ’चं होतं. असं एस्टिमेट मी क्लायंटला दिलं असतं, तर मॅनेजरने फाडून खाल्लं असतं.

असो. घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं, तर किती खर्च येईल एवढंच विचारू नका. दिवस वाढले तर रोजचे किती, आणि ते कोण भरणार, हेही विचारा. मी विचारलं नव्हतं.