विश्वकिरणांची सागरी मोजणी आणि हवामान

अंतराळातून पृथ्वीवर अखंड येणाऱ्या वेगवान कणांना विश्वकिरण म्हणतात. विषुववृत्ताजवळ त्यांची तीव्रता कमी भरते, हे डच शास्त्रज्ञ याकोब क्ले यांना १९२७ पासूनच्या युरोप-जावा जलप्रवासांत आढळले. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हे त्याचे मुख्य कारण. मात्र, बोटीवरील नोंदींत हवामानाचाही वाटा मिसळलेला असतो.

पहिला घटक वायुभाराचा. समुद्रसपाटीवर डोक्यावरील हवेचे वजन सुमारे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतके असते. वायुभार वाढला की किरणांना अधिक हवा भेदावी लागते आणि मोजणी घटते. न्यूट्रॉन मोजणाऱ्या उपकरणात ही घट दर मिलिबारला सुमारे ०.७ टक्के असते. साहजिकच वादळी पट्ट्यात वायुभार २० मिलिबारने उतरल्यास मोजणी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते.

दुसरा घटक तापमानाचा. आर्थर कॉम्प्टन आणि टर्नर यांनी १९३६ मध्ये व्हँकुव्हर-सिडनी मार्गावरील 'आओरांगी' जहाजावर नोंदी घेतल्या. हवा उष्ण असताना तीव्रता घटते, असे त्यांत दिसले. १९३८ मध्ये पॅट्रिक ब्लॅकेट यांनी त्याचा उलगडा केला. तापलेली हवा प्रसरण पावते आणि म्यूऑन कण जेथे जन्मतात तो थर वर सरकतो. स्थिर अवस्थेत सरासरी २.२ मायक्रोसेकंद टिकणारे हे कण लांबलेल्या वाटेत अधिक संख्येने नष्ट होतात.

जमिनीवरील केंद्र एका जागी असते. बोटीवर अक्षांश आणि हवामान एकाच वेळी बदलतात. त्यामुळे हवामानाची दुरुस्ती केल्याखेरीज चुंबकीय क्षेत्राचा खरा परिणाम हाती लागत नाही.