मंडालेतले शिसपेन्सिलीचे दिवस

मंडालेच्या तुरुंगात टिळकांना शाई मिळत नसे. शिसपेन्सिल, आणि पाने मोजून क्रमांक घातलेल्या बांधीव वह्या. सुटा कागद नाही.

१९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, त्यात मधुमेह. ‘गीतारहस्या’चा पहिला खर्डा त्यांनी १९१०-११ च्या एका हिवाळ्यात, साधारण पाच महिन्यांत उतरवला. वेग थक्क करणारा खरा. पण विषयाशी ओळख १८७२ पासूनची, आजारी वडिलांना गीतेवरची प्राकृत टीका वाचून दाखवत असतानाची. म्हणजे अडतीस वर्षे डोक्यात, पाच महिने कागदावर. तुरुंगाने सक्तीची सवड दिली असे म्हणणे सोपे आहे. तशी सवड इतर कैद्यांनाही होतीच की!

लिहून झाल्यावरही ग्रंथ हाती नव्हता. जून १९१४ मध्ये सुटका झाली, तरी वह्या सरकारनेच ठेवून घेतल्या होत्या. त्या परत मिळेनात, तेव्हा मित्र हवालदिल झाले. टिळक मात्र निर्धास्त होते, कारण सगळा ग्रंथ डोक्यात होता आणि तो पुन्हा लिहून काढायची त्यांची तयारी होती. तशी वेळ आली नाही. वह्या आल्या, आणि १९१५ मध्ये पुण्यात पुस्तक छापून बाहेर पडले.