व्यसनमुक्तीच्या वाटेवर प्रार्थनेचे स्थान

दारू, तंबाखू, अमली पदार्थ वा जुगार यांची ओढ मनुष्याच्या इच्छाशक्तीच्या आवाक्याबाहेर गेली, की तिला व्यसन म्हणतात. वैद्यकशास्त्र व्यसनाची गणना आजारात करते. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने मद्य, तंबाखू व औषधे यांचा अतिरेक टाळण्यास संयमाचा सद्गुण म्हटले आहे (२२९०) आणि अमली पदार्थांचे सेवन गंभीर अपराध ठरविले आहे (२२९१). त्याच ग्रंथात असेही सांगितले आहे, की जडलेल्या सवयीमुळे मनुष्याच्या कृत्याची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते (१७३५). म्हणून व्यसनी बांधवाकडे पाहताना सत्य आणि करुणा या दोहोंची सांगड घालावी लागते.

धर्मग्रामांतील कुटुंबे आम्हांला वारंवार एक प्रश्न विचारतात: "फादर, आम्ही इतकी वर्षे प्रार्थना करीत आहोत, तरी घरातली दारू का सुटत नाही?" हा प्रश्न अश्रद्धेचा नाही, वेदनेचा आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी प्रार्थना व्यसनमुक्तीत नेमके काय करते आणि काय करीत नाही, हे स्पष्ट करणे आम्ही आवश्यक समजतो.

प्रार्थना आणि औषधोपचार

प्रथम एक धोक्याची सूचना. अनेक वर्षे रोज भरपूर मद्य घेणाऱ्या व्यक्तीने क्रूसापुढे शपथ घेऊन एकाएकी दारू सोडली, तर तिच्या जिवावर बेतू शकते. थरथर, घाम, निद्रानाश यांनी सुरुवात होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतरच्या एकदोन दिवसांत तीव्र भ्रम होऊन रुग्ण दगावूही शकतो. अशा रुग्णाला घरात कोंडून त्याच्याभोवती जपमाळ म्हणत बसणे ही भक्ती नव्हे. त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे आणि रुग्णालयाच्या ओसरीत जपमाळ म्हणावी. वैद्याचे कौशल्य हेही परमेश्वराचेच दान आहे, असे बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय शिकवितो.

रिकामे घर

शरीरातून विष उतरले म्हणजे व्यसन संपले असे नाही. संत मत्तयच्या शुभवर्तमानात (१२:४३-४५) प्रभू येशू एका घराचा दृष्टान्त देतो. अशुद्ध आत्मा घर सोडून जातो, परत येतो तेव्हा ते झाडून नीटनेटके केलेले पण रिकामे आढळते, आणि तो आपल्याहून दुष्ट असे आणखी सात आत्मे घेऊन तिथे राहू लागतो. दारू सोडलेल्या माणसाच्या संध्याकाळी अशाच रिकाम्या असतात. पूर्वी गुत्त्यात जाणारे तीन तास आता कुठे घालवायचे? पूर्वी ग्लासात बुडविलेला राग, अपमान आणि एकटेपणा आता कुठे न्यायचा? प्रार्थनेचे कार्य येथे सुरू होते. ती औषधाची जागा घेत नाही; उपचारांनी मोकळ्या झालेल्या घरात धन्याला बोलावून आणते.

मॅट टॅलबट यांचे उदाहरण

आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील कामगार वंदनीय मॅट टॅलबट (१८५६-१९२५) यांचे जीवन हेच सांगते. साधारण बाराव्या वर्षी ते मद्यविक्रेत्याकडे नोकरीस लागले आणि लवकरच दारूच्या आहारी गेले. १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, खिसा रिकामा असताना ते गुत्त्याबाहेर उभे राहिले. ज्यांना त्यांनी कित्येकदा पाजली होती, त्यांपैकी कोणी त्यांना विचारले नाही. ते घरी परतले आणि धर्मगुरूंकडे जाऊन दारू सोडण्याची शपथ घेतली.

ही शपथ आजन्म नव्हती. अवघ्या तीन महिन्यांची होती. ती पाळल्यावर सहा महिन्यांची आणि पुढे आयुष्यभराची घेतली. त्यांनी पापनिवेदन केले आणि कामाला जाण्यापूर्वी पहाटेच्या मिस्साला जाण्याचा नेम धरला. गुत्त्याची वेळ होताच ते चर्चमध्ये जाऊन बसत. मोह टाळण्यासाठी त्यांनी जवळ पैसे बाळगणे सोडले. जुनी देणी फेडली. सोबत्यांसह एका रस्त्यावरच्या वादकाचे व्हायोलिन चोरून त्यांनी दारू प्यायली होती. त्या वादकाचा त्यांनी पुष्कळ शोध घेतला, आणि तो न सापडल्याने त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करण्यास पैसे दिले. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी मद्याला स्पर्श केला नाही. ७ जून १९२५ रोजी मिस्साला जात असताना रस्त्यातच त्यांचे निधन झाले. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली त्यांना वंदनीय घोषित केले.

त्यांच्या प्रार्थनेला वेळ होती, जागा होती आणि तिच्यासोबत नुकसानभरपाई होती, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

दुर्बलतेची कबुली

१९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' अर्थात ए.ए. ही बंधुसंगत उदयास आली. ती कोणत्याही एका धर्माची नाही. ज्याला देव जसा उमगला, तसा त्याने त्याला शरण जावे, असे ती सांगते. परंतु तिच्या बारा पायऱ्यांत ख्रिस्ती साधनेची ओळखीची पावले दिसतात: दुर्बलतेची कबुली, आत्मपरीक्षण, दुसऱ्यापुढे अपराधांचे निवेदन, भरपाई आणि दैनंदिन प्रार्थना. बारा पायऱ्या व संत इग्नेशियसची आध्यात्मिक साधना यांतील साम्य येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग यांनी हेरले. १९४० साली ते बिल विल्सन यांना भेटले आणि त्यांचे आध्यात्मिक मित्र बनले. ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी १९३९ पासून डॉ. बॉब यांच्यासमवेत मद्यपी रुग्णांना दाखल करून घेतले. घरी जाणाऱ्या रुग्णाला त्या येशूच्या पवित्र हृदयाचे छोटे चिन्ह देत आणि पुन्हा प्यावेसे वाटल्यास आधी ते परत आणून द्यावे, अशी अट घालत.

आपल्याकडे फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली मुंबईतील वांद्रे येथे कृपा फाउंडेशनची स्थापना केली. योगसाधना व बारा पायऱ्या यांच्या आधारे चालणाऱ्या या कार्यासाठी २००९ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले.

प्रार्थना कशी असावी?

पहिली गोष्ट, प्रार्थना आजच्या दिवसापुरती असावी. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना रोज गोळा करावा लागे. साठविलेला नासत असे. "आयुष्यभर पिणार नाही" यापेक्षा "प्रभो, आजचा दिवस सांभाळ" ही विनंती अधिक खरी असते.

दुसरी, ती प्रामाणिक असावी. मंदिरात मागे उभ्या राहिलेल्या जकातदाराने आपली बाजू मांडली नाही, दया मागितली.

तिसरी, ती एकट्याची नसावी. मिस्सा, पापनिवेदन, ए.ए.ची सभा आणि विश्वासू सोबती यांची जोड हवी. पवित्र मिस्सामध्ये केवळ भाकरीच्या रूपाने ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यास ख्रिस्त पूर्णपणे लाभतो (१३९०). म्हणून व्यसनमुक्त भाविकाने चषकातील द्राक्षारस न घेतल्यास कोणताही संकोच बाळगू नये.

चौथी, पाय घसरला तरी ती थांबू नये. पुन्हा पिणे ही दुर्घटना आहे, शेवट नव्हे. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे आणि पापनिवेदनास जावे. लाज वाटून दोन्ही दारे टाळणारा मनुष्य गुत्त्याचे तिसरे दार गाठतो.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवाविशी वाटते. उपवासकाळात चाळीस दिवस दारू न शिवणारे आणि पुनरुत्थान सणाच्या दुपारी पुन्हा बाटली उघडणारे आपल्या धर्मग्रामांत कमी नाहीत. "मनात आणले तर मी सोडू शकतो" असा पुरावा म्हणून ते या काळाकडे बोट दाखवितात. त्या चाळीस दिवसांत ते सणाचीच वाट पाहत होते का, हे त्यांनी प्रभूसमोर स्वतःला विचारावे.

कुटुंबीयांसाठी

पत्नी, आई व मुले यांची प्रार्थना व्यर्थ जात नाही. पण परमेश्वर कोणाच्याही इच्छास्वातंत्र्यावर बळजबरी करीत नाही. म्हणून प्रार्थनेबरोबर काही कृती हवी: त्याची उसनवारी फेडू नये, कामावर त्याच्या वतीने खोटे कारण सांगू नये, मारहाण सोसत राहू नये. घरच्यांसाठी 'अल-अॅनॉन' ही स्वतंत्र बंधुसंगत १९५१ पासून कार्यरत आहे. शासनाचा १४४४६ हा निःशुल्क क्रमांकही व्यसनमुक्तीसाठी मार्गदर्शन करतो.

"दारू का सुटत नाही?" असे विचारणाऱ्या कुटुंबास म्हणूनच आमचे नम्र सांगणे आहे: प्रार्थना सोडू नका, पण ती बंद दाराआड एकट्याने करू नका. घरातील दुखणे आपल्या धर्मगुरूंना सांगा, डॉक्टरांना सांगा. पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून प्रभूसमोर उतरविणारे चौघे होते. त्या चौघांचा विश्वास पाहून येशूने त्याला उठविले.