कोर्टात असं बोलशील का?

कवितेवर टीका करायची तर लेख लिहावा लागतो, असं आपण धरून चालतो. रोमन कवी होरेसने ती कवितेतच केली. इ.स.पू. ३५च्या सुमाराला आलेल्या त्याच्या उपहासकवितांच्या पहिल्या पुस्तकात तो थेट ल्युसिलियसला धरतो. ल्युसिलियस म्हणजे या काव्यप्रकाराचा जनक, शंभरेक वर्षांपूर्वीचा आणि लोकांचा लाडका. होरेस म्हणतो, गडी विनोदी खरा. पण एका पायावर उभं राहून तासाला दोनशे ओळी सांगायचा. प्रवाह मोठा, पाणी गढूळ.

दुसरा आक्षेप भाषेवर. ल्युसिलियस लॅटिनमध्ये ग्रीक शब्द मिसळायचा. चाहते म्हणत, दोन मद्यं एकत्र केल्यासारखी गोडी येते. होरेसने उलट विचारलं, अवघड खटला अंगावर असताना कोर्टात असं बोलशील का?

मराठीत हा वाद १९२५ साली रंगला. पुण्यात १९२३मध्ये रविकिरण मंडळ निघालं होतं. त्यातले माधव जूलियन फारसीचे जाणकार. कवितेत फारसी शब्द मोकळ्या हाताने टाकत. आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ काढलं आणि त्या काळच्या कवींच्या लकबी अशा हुबेहूब उचलल्या की वेगळ्या समीक्षेची गरजच उरली नाही. त्याच थाटात चक्क परिटाला उद्देशून कविता लिहिली, की थाट किती पोकळ आहे ते आपोआप दिसतं. विडंबनाला लोक हलकं समजतात. मला तर त्याहून बारकाईचं वाचन माहीत नाही. गंमत म्हणजे १९३८मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून जूलियन स्वतःच परक्या शब्दांवर उलटले.

पण होरेसचा प्रश्न यवतमाळच्या कोर्टात विचारून बघा. वकील, फिर्याद, जामीन, हजर... सगळे फारसी-अरबीतून आलेले. ते काढले तर पुकारा करणाराही गप्प बसेल. म्हणजे शब्द कुठून आला याला फारसा अर्थ नाही. ऐकणाऱ्याला तो अडतो का, एवढंच बघायचं.

याच यवतमाळात भाऊसाहेब पाटणकर (१९०८–१९९७) वकिली करत. शिकारीचा नाद, आणि उतारवयात जडलेला शायरीचा. उर्दूकडून त्यांनी शेराचा ढंग घेतला, शेवटच्या ओळीतला दणका घेतला, मुशायऱ्याची बैठक घेतली. समोरच्यांना ‘दोस्तहो’ म्हणायचे. शब्द मात्र बहुतेक रोजच्या मराठीतले. आणि खरी टीका इथेच आहे. उर्दू शायरीतला आशिक प्रेयसीच्या दारात लोळण घेतो, रडतो, झुरतो. पाटणकरांचा प्रियकर बोलावल्याशिवाय पाऊल टाकत नाही. झुरायचं सोडून तो स्वतःच्या मरणाचीही थट्टा करतो. सांकेतिक रडगाण्यावर त्यांनी लेख लिहिला नाही. त्याच साच्यात वेगळा माणूस उभा केला.

परके शब्द मिसळले म्हणून ल्युसिलियसला सुनावणाऱ्या होरेसचं स्वतःचं वृत्तही ग्रीकांकडूनच आलेलं होतं, आणि त्यात तो रोमच्या रस्त्यावरची बोलाचालीची लॅटिन बसवत होता. यवतमाळचे वकीलसाहेब त्याला लगेच कळले असते.