वर्डमधील आकृत्या विस्कटू नयेत म्हणून...

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये चौकोन, वर्तुळ, बाण काढण्याची सोय पूर्वी ‘ड्रॉइंग’ टूलबारवर होती. वर्ड २००७ पासून ती ‘इन्सर्ट’मधील ‘शेप्स’मध्ये गेली. माऊस ओढताना शिफ्ट दाबून ठेवल्यास आयताऐवजी अचूक चौरस आणि लंबवर्तुळाऐवजी वर्तुळ उमटते. रंग, कडेच्या रेषेची जाडी नंतर बदलता येते. सावलीचा सोस मात्र छापील अहवालात शोभत नाही.

खरी पंचाईत पुढेच आहे. वर एखादा परिच्छेद वाढला, की मेहनतीने जुळवलेल्या चौकटी आणि बाण विस्कटतात. यासाठी ‘शेप्स’च्या यादीत तळाशी असलेला ‘न्यू ड्रॉइंग कॅन्व्हास’ आधी घ्यावा. त्यातील आकृत्या एकत्रच सरकतात. चौकटींच्या बिंदूंना जोडलेल्या रेषाही सुटत नाहीत. आकृत्या आधीच काढल्या असल्यास शिफ्ट दाबून एकेक निवडावी व राइट क्लिक करून त्यांचा ‘ग्रुप’ करावा.