भुलीपूर्वीचा रुग्णाचा वाटा

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. येरवड्याच्या या बंदिवानाची लेखी संमती आधी घेण्यात आली होती. त्या वेळी श्रीनिवास शास्त्री हजर होते. भूल दिल्यानंतर मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. पूर्वतयारीत रुग्णाचाही वाटा असतो, हे आम्हांस त्या संमतिपत्रावरील सहीतून दिसते.

दुसरा वाटा उपाशी राहण्याचा. भुलीत घशाची राखण सुटते. पोटातील अन्न उलटून फुप्फुसांत उतरू शकते. १९४६ साली न्यूयॉर्कच्या डॉ. मेंडेलसन यांनी ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदींतून अशा ६६ घटना दाखवून दिल्या. म्हणूनच आज नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी घन अन्न किमान सहा तास आणि पाणी दोन तास बंद ठेवतात.

आमच्या तिगावकडून रुग्ण शस्त्रक्रियेसाठी नागपूरला निघाला, की वडीलधारी माणसे मायेने चहा-पोळी पुढे करतात. पुढे ते डॉक्टरांपासून लपविले जाते. खाल्ले असेल तर निःसंकोच सांगावे, चालू औषधेही सांगावीत. शस्त्रक्रिया एक दिवस पुढे ढकलता येते. गेलेला श्वास परत आणता येत नाही.