सुगीला ज्वारी, वर्षभर दवाखाना

"डॉक्टर, तूर विकली की येतो."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता पेशंटने तोंड उघडायच्या आधीच मला कळतं. हर्नियाचं ऑपरेशन करून घ्या म्हटलं, इको काढून या म्हटलं, की उत्तर ठरलेलं. कोणाची तूर, कोणाचा कापूस, कोणाचा कांदा. बहुतेक जण शब्द पाळतात, खरंच येतात. काही जण मात्र माल विकायच्या आधीच येतात. रात्री दोन वाजता, हर्निया अडकलेला, पोट फुगलेलं, उलट्या थांबत नाहीत. मग जे ऑपरेशन दिवस ठरवून कमी खर्चात झालं असतं, त्यासाठी जिल्ह्याच्या गावी धावपळ होते. व्याजाने पैसे काढले जातात, आणि जीवाला धोका होतो तो वेगळाच.

यात पेशंटचा हलगर्जीपणा आहे असं मला तरुणपणी वाटायचं. रागवायचोसुद्धा. पण शेतकऱ्याच्या घरात पैसा वर्षातून एकदोनदाच येतो आणि आजार कधीही येतो. या दोघांची गाठ घालायची कशी, हा प्रश्न आपल्या देशात फार जुना आहे.

१९४३ मध्ये इंग्रज सरकारने एक आरोग्य समिती नेमली. अध्यक्ष होते सर जोसेफ भोर, नाशिकमध्ये जन्मलेले आणि सनदी नोकरीत वर चढलेले. १९४६ साली आलेल्या त्यांच्या अहवालाचा पाया सरळ होता: पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये. त्यासाठी सुरुवातीला ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथे दोन डॉक्टर, अशी त्यांची मांडणी होती. तुमच्या गावाजवळची 'पीएचसी' ती हीच.

केंद्रं निघाली ती १९५२ नंतर, समूह विकास कार्यक्रमातून. पण एका विकास गटाला एक केंद्र, म्हणजे भोर समितीने सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांचा भार. कल्पना घेतली आणि पैसे अर्धवट दिले, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची फळं अजून दिसतात: इमारत असते पण डॉक्टर नसतो, किंवा डॉक्टर असतो पण गोळ्या संपलेल्या असतात.

आता वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला जाऊ. १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. पुढच्याच वर्षी गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामात कस्तुरबांच्या नावाने छोटं रुग्णालय सुरू केलं. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथेच मेडिकल कॉलेज निघालं. मोठं रुग्णालय खेड्याच्या दारात आलं, तरी हातात रोकड नसलेला मजूर तिथे कसा येणार?

सेवाग्रामच्या डॉक्टरांनी, त्यात डॉ. उल्हास जाजू यांचं काम विशेष, आसपासच्या गावकऱ्यांबरोबर बसून यावर तोड काढली. पैसे आजारपणात मागायचे नाहीत, सुगीत घ्यायचे. तेही रोकड नको, ज्वारी द्या. पीक निघालं की घराघरातून ज्वारी गोळा व्हायची. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त द्यायची, भूमिहीनाने थोडी. दवाखान्यात मात्र दोघांना वागणूक सारखीच. जमलेल्या निधीतून गावातल्या आरोग्यसेवकाचं मानधन आणि साधी औषधं भागायची.

दोन नियम मला फार शहाणपणाचे वाटतात. पहिला असा की, गावातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी भाग घेतला तरच योजना. असं का? भिशीचं उदाहरण घ्या. ज्यांना पहिल्याच महिन्यात पैसे उचलायचे आहेत तेवढेच लोक जमले, तर भिशी चालेल का? विम्याचंही तसंच आहे. फक्त आजारी माणसंच आली तर निधी महिन्याभरात आटतो. धडधाकट माणसाने ज्वारी घातली, तरच शेजाऱ्याच्या न्यूमोनियाचा खर्च निघतो. पुढच्या वर्षी कदाचित त्याच्या स्वतःच्या.

दुसरा नियम आजारांच्या वर्गवारीचा. साप चावला, जोराचा ताप आला, असं अचानक काही घडलं तर भरती होऊन उपचार मोफत. पण बाळंतपण, मोतीबिंदू, साधा हर्निया ही आधी कळणारी कामं. त्यांच्यासाठी बिलात सवलत, पूर्ण माफी नाही. हर्नियाच्या बाबतीत माझं थोडं वेगळं मत आहे, कारण अडकलेला हर्निया मी पाहिलेला आहे. पण मर्यादित धान्यात काय बसवायचं हे त्यांना ठरवायचं होतं, मला नाही.

ही गोष्ट सांगितली की काही मंडळी खूश होतात: "बघा, लोकांनी मनावर घेतलं की सरकारची गरज नाही." इथे थांबा. ज्वारीवर अख्खं रुग्णालय कधीच चाललं नाही. त्या संस्थेच्या खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकारचा, पाव राज्याचा, आणि उरलेला पाव संस्थेने उभा करायचा, अशी व्यवस्था आहे. ज्वारीने गावाला दवाखान्यावर हक्क मिळवून दिला. ऑपरेशन थिएटर, पगार, रक्तपेढी हे सगळं सार्वजनिक पैशातूनच उभं राहतं.

पुढे विदर्भाच्या शेतातली ज्वारी हटत गेली, सोयाबीन आलं, आणि सेवाग्रामचा विमाही रोख वर्गणीचा झाला. २०१२ मध्ये राज्याने राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. तीच आजची महात्मा फुले जन आरोग्य योजना. अँजिओप्लास्टीसारख्या मोठ्या खर्चात तिने अनेक घरं वाचवली आहेत, हे मी माझ्याच पेशंटमध्ये पाहतो. पण ती मुख्यतः भरती झाल्यावर कामी येते. रोजच्या बीपीच्या गोळ्या, तपासणीसाठी तालुक्याला जायचं भाडं, बुडालेली मजुरी हे खिशातूनच जातं. आणि गोळ्या बंद पडल्या, की पक्षाघात झालेला तोच माणूस मग योजनेत भरती होतो.

गावाच्या हातातला थोडा पैसा मात्र आजही आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, तेव्हा गावोगावी आरोग्य व स्वच्छता समित्या झाल्या आणि गावामागे वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी ठरला. अबंधित म्हणजे कशावर खर्चायचा हे समितीने ठरवायचं. एखाद्या गरीब बाईला दवाखान्यात न्यायचं भाडंसुद्धा त्यातून देता येतं. तुमच्या गावची समिती कोणाची आहे, शेवटची बैठक कधी झाली आणि यंदाचा निधी कशावर गेला, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. आशाताईंना सोबत घ्या, त्यांना बहुतेक सगळं माहीत असतं.